काकांचा पोलरॉइड

वैशाखात जबलपूरच्या आकाशाकडे पोलरॉइडमधून, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्टीतून, पाहून फारसं काही हाती लागत नाही. हवेत धूळ असते. पाहावं आश्विनात. ग्वारीघाटावर सूर्य मावळत असताना पोलरॉइड फिरवला, की उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेला जाणारा आकाशाचा पट्टा एकदम गडद होतो. हवेच्या रेणूंनी काटकोनात वळवलेला तो उजेड बराचसा एकाच दिशेत कंप पावत असतो. गन कॅरेज फॅक्टरीत असलेल्या माझ्या काकांनी मी शाळेत असताना हा तुकडा दिला; तेव्हापासून तो माझ्याजवळ आहे.

सायन्स कॉलेजात अभ्यासात भौतिकशास्त्रज्ञ झीमन भेटले. चुंबकामुळे प्रकाशरेषा रुंदावतात, हे त्यांनी 1896 साली दाखवलं. पण मला खरी भुरळ घातली वुड आणि एलेट यांच्या 1923 च्या प्रयोगानं. पाऱ्याच्या वाफेनं प्रकीर्णित केलेला प्रकाश किती ध्रुवित, म्हणजे किती एकाच दिशेत कंपणारा आहे, हे ते दोघे मोजत होते. उपकरणाचं तोंड दुसरीकडे वळवलं की आकडा बदले! कारण निघालं पृथ्वीचं चुंबकत्व, जेमतेम अर्धा गॉस. पुढच्याच वर्षी गटिंगेनच्या विल्हेल्म हानले यांनी उलगडा केला. पाऱ्याचा अणू शोषलेला प्रकाश सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात परत देतो. तेवढ्यात चुंबकीय क्षेत्र त्याच्या कंपनाची दिशा फिरवतं. कुणी अणू लवकर प्रकाश सोडतो, कुणी उशिरा. दिशा विस्कटतात, ध्रुवीकरण घटतं.

ही घट म्हणजेच हानले परिणाम; मला ती चुंबकत्वाची साक्षच वाटते. सूर्यावरच्या बारीक, उलटसुलट गुंतलेल्या चुंबकीय क्षेत्रांच्या ध्रुवीकरणातल्या झीमन-खुणा एकमेकींना पुसून टाकतात. हानले परिणाम मात्र तिथेही शिल्लक राहतो. बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेत के. एन. नागेंद्र आणि सहकाऱ्यांनी याचं अवघड गणित वर्षानुवर्षं मांडलं. 2 सप्टेंबर 2023 ला झेपावलेल्या आदित्य-एल1 या सौरयानावर त्याच संस्थेचं उपकरण आहे. लोहाच्या 1074.7 नॅनोमीटर रेषेचं ध्रुवीकरण मोजून सूर्याच्या प्रभामंडलातलं चुंबकत्व शोधण्याची सोय त्यात आहे.

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. जबलपूर-नागपूरच्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे: हानलेंचा प्रयोग एम.एस्सी.च्या मुलांच्या हातून करवून घ्या. पाऱ्याचा दिवा, क्वार्ट्झची कुपी, तारेची वेटोळी आणि अतिनील प्रकाशाला चालणारे ध्रुवक लागतील. मुलांचे डोळे जपा, आणि कुपी बर्फानं थंड ठेवा; वाफ दाट झाली, तर ध्रुवीकरण चुंबकाआधीच नाहीसं होतं.