पळत्या खेळाडूचा फोटो

मुलांनो, तुमच्या शाळेच्या भिंतीवरचे खेळाचे फोटो आठवून पाहा. करंडक हातात धरून ओळीत उभा असलेला संघ तिथे हमखास असतो. पण त्याच संघाचा खेळतानाचा फोटो? तो क्वचितच सापडेल. माझी सांगलीची भाची सातवीत आहे आणि खो-खो खेळते. ती मला म्हणाली, "मामा, आम्ही जिंकलो हे सगळ्यांना दिसतं, पण कशा खेळलो ते कुणालाच दिसत नाही. या वेळी आमचा पळतानाचा फोटो काढ ना!"

मागणी साधी वाटते ना? पण आपोआप फोकस करणाऱ्या कॅमेऱ्यासाठी ही मोठी परीक्षा असते. कशी, ते बघू या.

आधी एक गंमत करा. नाकासमोर बोट धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. बोट इकडून तिकडे सरकल्यासारखं दिसतं. बोट जवळ आणलं तर जास्त सरकतं, लांब नेलं तर कमी. कॅमेराही असंच काहीसं करतो. भिंगाच्या दोन बाजूंनी आलेली चित्रं तो ताडून पाहतो. ती जुळली नाहीत, तर भिंग कुठल्या दिशेला आणि किती हलवायचं हे त्याला कळतं. आपोआप फोकस करणारा पहिला कॅमेरा, कोनिका सी ३५ एएफ, १९७७ साली बाजारात आला. १९८५ साली मिनोल्टाच्या ७००० या कॅमेऱ्यानं ही सोय भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत लोकप्रिय केली.

पण पळणारा माणूस थांबतो थोडाच! ताशी १२ किलोमीटर वेगानं धावणारा माणूस सेकंदाच्या दहाव्या भागात सुमारे ३३ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे कॅमेऱ्यानं अंतर मोजून फोटो टिपेपर्यंत तो आधीच्या जागी नसतोच. म्हणून हुशार कॅमेरे अंतर पुन्हा पुन्हा मोजतात आणि पुढच्या क्षणी माणूस कुठे असेल, याचा अंदाज बांधतात.

मी राहतो साताऱ्यात. आमच्याकडच्या हिल मॅरेथॉनमध्ये धावपटू यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेनं जातात. घाटात उभं राहून मी त्यांचे फोटो काढतो. तिथे हा अंदाज छान चालतो. धावपटू एका लयीत येत असतो, त्याचा चेहरा समोर असतो. नवे कॅमेरे तर डोळा ओळखून त्यावरच फोकस धरून ठेवतात.

खो-खोचं तसं नाही. आठ जणी पाटीवर बसलेल्या, त्यांच्यामधून नागमोडी साखळी घालत एक पळते आहे. कॅमेरा तिला धरतो न धरतो तोच मध्ये बसलेल्या मुलीची पाठ येते. आता कुणाला धरायचं? तेवढ्यात पळणारी हुलकावणी देऊन उलटी फिरते. हुलकावणी म्हणजे समोरच्याचा अंदाज चुकवणं. जी पाठलाग करणारीला चकवते, ती कॅमेऱ्यालाही चकवणारच!

इथे भाचीच कामाला आली. "मामा, पाठलाग करणारीला मध्येच मागे वळता येत नाही. पण खांबाला वळसा घालून ती दुसऱ्या बाजूला येऊ शकते. तू खांबावरच थांब." मग मी आधीच खांबावर फोकस करून ठेवला, भिंग तिथेच पक्कं केलं आणि वाट पाहिली. जुने छायाचित्रकार असंच करत. पुष्कळ फोटो वाया गेले, पण एक साधला. खांबाला धरून झेपावलेली मुलगी, तिची ताणलेली बोटं आणि वीतभर पुढे सुटलेली दुसरी. दोघींचे चेहरे स्वच्छ आले.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. महिला संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. ते सामने अनेकांनी पडद्यावर पाहिले. तुमच्या गावच्या मैदानावरचा खेळ मात्र तुम्हीच टिपायला हवा.

तेव्हा सुट्टीच्या दिवशी आई-बाबांचा मोबाइल मागून घ्या. मित्राला आधी सरळ तुमच्याकडे पळत यायला सांगा, मग आडवं, मग झाडांमधून नागमोडी. प्रत्येक वेळी पाच-पाच फोटो काढा आणि स्वच्छ किती आले ते वहीत लिहा. चौथ्या वेळी मित्र कुठल्या झाडाआडून बाहेर येणार ते तुम्ही ओळखा, त्या झाडावर बोट टेकवून आधीच फोकस करा आणि थांबा. बघा बरं, आकडा वाढतो का!