थंडीआधीची पंगत

आमच्याकडे न्यू जर्सीत नवरात्राच्या सुमाराला बागा उतरणीला लागतात. झिनिया सुकतात, टोमॅटो पिवळे पडतात, रात्री गारठा जाणवू लागतो. नेमक्या त्याच दिवसांत मागच्या कुंपणालगत न्यू इंग्लंड ॲस्टर फुलून येतो. छातीएवढी उंच झुडपं, बारीक जांभळ्या पाकळ्यांची दाटी आणि मधोमध पिवळं बटण. पुण्याच्या फुलबाजारात मी लहानपणापासून पाहिलेला ॲस्टर मूळचा चीनचा. हा मात्र इथल्याच कुरणांतला, ओढ्याकाठचा. बागेत आजवर बरंच काही लावलं, पण इतकी वर्दळ दुसऱ्या कुठल्याच झाडावर पाहिली नाही.

बियांना थंडी लागल्याशिवाय त्या नीट उगवत नाहीत. म्हणून डिसेंबरात मी दुधाचे रिकामे प्लॅस्टिकचे जग आडवे कापते, तळाला भोकं पाडते, माती भरते, बी वरच्यावर भुरभुरते आणि ते जग खुशाल बर्फात ठेवून देते. वसंतात इवले कोंब दिसू लागतात. कोवळ्या रोपांना सशांपासून जपावं लागतं, तेवढ्यापुरती जाळी पुरते. भरपूर ऊन आणि ओल धरणारी माती असली की खताची गरज नाही. जास्त खत दिलं तर झाड नुसतं उंच होतं आणि लोळतं. शेवंतीचे खुडतो तसे याचेही शेंडे जूनअखेरपर्यंत खुडले की झुडूप आटोपशीर राहतं आणि कळ्याही भरपूर धरतात.

सप्टेंबरअखेर सकाळी लवकर मी मुद्दाम तिथे जाते. रात्री मिटलेल्या फुलांना धरून बम्बलबी निपचित बसलेल्या असतात, अंगावरच्या लवेवर दव. त्यांतले बरेचसे नर. त्यांना परतायला घरटं नसतं. ऊन पोचलं की आधी त्यांचं अंग थरथरतं. उडण्याचे स्नायू तसे हलवूनच ते ऊब आणतात आणि मग चरायला लागतात. थंडी आली की जुनी राणी, कामकरी माश्या आणि नर सगळे मरतात. उरतात फक्त त्या वर्षीच्या नव्या, मीलन झालेल्या राण्या. त्या जमिनीखाली शिरून हिवाळा काढतात, आणि पुढच्या वसंतातलं प्रत्येक घरटं त्यांच्यातल्याच एकीपासून सुरू होतं. त्यांना अंगावर चरबी साठवायची असते ती याच दिवसांत.

मोनार्क फुलपाखरांचंही तेच. त्यांच्या अळ्यांसाठी रुईच्या कुळातलं मिल्कवीड आता बरेच जण लावतात, ते चांगलंच आहे. पण शरद ऋतूत मेक्सिकोच्या डोंगरांतल्या जंगलांकडे निघालेल्या फुलपाखरांना पानं नव्हे, मध हवा असतो. इथून तीन हजार किलोमीटरहून जास्त प्रवास, आणि तिथे पोचल्यावर सगळा हिवाळा साठवलेल्या चरबीवर काढायचा. म्हणून माझ्या मते बागेची खरी परीक्षा मे महिन्यात होत नाही, ऑक्टोबरात होते. वसंतात फुलं कुठेही मिळतात. आता ॲस्टर आणि गोल्डनरॉड, एवढेच मोठे आधार. (गोल्डनरॉडला लोक शिंकांसाठी उगीच बोल लावतात, त्याचा पराग जड, तो वाऱ्यावर उडत नाही. शिंका आणते ती त्याच दिवसांत फुलणारी रॅगवीड.)

बटणाचा पिवळा रंग जांभळट लाल झाला की त्या फुलातला मध सरत आल्याचं समजावं. माश्या ते फूल सोडून शेजारच्या पिवळ्यावर बसतात. मग बी धरतं आणि गोल्डफिंच पक्षी ते टिपायला येतात.

इकडे ज्यांच्या घरामागे थोडीशी जरी उन्हाची जागा असेल, त्यांनी एक तरी रोप लावावं. देशी झाडांच्या नर्सरीतून आणा आणि त्यावर कीटकनाशक मारलेलं नाही ना, हे विचारून घ्या. फुलं गेल्यावर झुडपं कापून परसदार स्वच्छ करायची घाई करू नका. पर्ल क्रेसेंट फुलपाखराच्या अळ्या ॲस्टरचीच पानं खातात आणि त्याच्याच आसपास हिवाळा काढतात. वाळक्या काड्या वसंतापर्यंत तशाच उभ्या राहू द्या.