भरतीच्या हुकमातील गाव

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थंबरलंड परगण्यात, लिंडिस्फार्न नावाचे चिमुकले बेट आहे. लोक त्यास 'होली आयलंड' म्हणजे पवित्र बेट म्हणतात. त्यावर एकच गाव असून वस्ती सुमारे दीडशे माणसांची. १९५४ साली तेथे पक्का रस्ता पोहोचला. तथापि दिवसातून दोन वेळा भरतीचे पाणी त्यावर चढते आणि गाव जगापासून तुटते. भरतीचे वेळापत्रक न पाहता निघालेली मोटार वाटेत अडकली, तर उंच खांबांवरील लाकडी खोपीत चढून जीव वाचवावा लागतो.

६३५ साली आयोना बेटावरून संत एडन येथे आले व त्यांनी मठ स्थापिला. पुढे त्या मठातील संत कथबर्ट एकांतवासासाठी आग्नेयेकडील फार्न बेटावर राहिले व ६८७ साली तेथेच निवर्तले. तेथील आयडर नावाच्या समुद्री बदकांना त्यांनी अभय दिले, अशी परंपरा आहे. म्हणून त्या प्रांतीचे लोक या पक्ष्यास अद्यापि 'कड्डीचे बदक' म्हणतात. 'कड्डी' हे कथबर्ट नावाचे लाडके रूप. याची मादी स्वतःच्या छातीची मऊ पिसे उपटून घरट्यात अंथरते.

ओहोटी लागली की मैलोगणती चिखल व वाळू उघडी पडते. हिवाळ्यात दूर उत्तरेच्या स्वालबार्डहून फिक्या पोटाचे ब्रेंट कलहंस येथे उतरतात व समुद्रगवतावर गुजराण करतात. वाळूच्या दांड्यांवर करडे सील पहुडलेले असतात. निवांत वेळी त्यांचे कण्हणे गावात ऐकू येते. १९६४ पासून हा किनारा राष्ट्रीय निसर्गराखीव आहे.

परंतु वाचकहो, गावातील कोळ्यांचे पोटही याच समुद्रावर आहे. मोजक्या होड्या सापळे टाकून खेकडे व शेवंडे धरतात. २०२२ साली पक्ष्यांच्या साथीच्या तापाने फार्न बेटांवर हजारो समुद्रपक्षी मेले. त्याच वर्षी, सागरी जीवांच्या रक्षणासाठी लिंडिस्फार्नभोवतीची मासेमारी सर्वस्वी बंद करावी, असा सरकारी प्रस्ताव पुढे आला. मासेमारी गेली तर गावाचा प्राणच जाईल, असे गावकऱ्यांनी कळकळीने सांगितले. सरकारने लोकांचे म्हणणे ऐकले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत हे स्थळ यादीतून वगळले.

तरीही होडीवाल्यांचे कर्तव्य संपत नाही. पोटाखाली अंडी घेतलेली मादी शेवंड सापडल्यास तिला पुन्हा पाण्यात सोडावे, असा इंग्लंडात २०१७ पासून कायदा आहे. हातची कमाई अशी सोडून देणे गरिबास जड जाते. पण तिच्या पोटाखालच्या हजारो अंड्यांतच त्याच्या मुलाबाळांची उद्याची भाकर असते. तेराशे वर्षांपूर्वी एका संताने बदकांना अभय दिले. आज कोळ्याला तेच या मादीला द्यावयाचे आहे.