मध्येंच वाजलेलें दार

शाळेचा दिवस तासांत विभागलेला असतो, आणि हळूहळू आमचें मनही तसेंच होऊन बसतें. अमुक वेळीं अभ्यास, अमुक वेळीं खेळ, अमुक वेळीं प्रार्थना. मध्येंच कोणी दार वाजविलें कीं आमच्या कपाळास आठी पडते. प्रार्थनेच्या वेळीं वाजविलें तर दोन! दार वाजविणारा प्रत्येकजण गरजूच असतो असें नाहीं. नुसत्या गप्पांसाठीं येणारेही असतात, व परीक्षेच्या आदल्या दिवशीं तेच अधिक येतात. परंतु दार उघडल्यावांचून कोण आलें आहे हें कसें कळावें?

पंडिता रमाबाईंनीं केडगांव येथें जमीन घेतली ती फळबागेसाठीं. बागेच्या उत्पन्नावर शारदा सदन चालावें हा हेतु. तोंच १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्या मध्यप्रांतांत गेल्या, निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या, आणि बागेच्या जमिनीवर मुक्तिसदन उभें राहिलें.

असा खोळंबा प्रभु येशूच्याही वाटेंत आला. मार्काच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायांत तो याईर नांवाच्या अधिकाऱ्याच्या घरीं निघाला आहे. याईराची १२ वर्षांची मुलगी मरणाच्या दारीं. घाई करण्यास याहून मोठें कारण तें कोणतें? परंतु गर्दींत एक स्त्री मागून येऊन त्याच्या वस्त्रास शिवते. तीही १२ वर्षें रक्तस्रावानें पीडलेली. ती तत्काळ बरी होते. आतां पुढें चालूं लागावयास हरकत नव्हती. तरी प्रभु थांबतो, कोण शिवलें म्हणून विचारतो, व ती भीत भीत आपली हकीकत सांगते ती सर्व ऐकून घेतो.

उपदेशक येथें बहुधा त्या स्त्रीच्या विश्वासाविषयीं बोलतात, आणि तें योग्यच आहे. आमची दृष्टि मात्र याईराकडे जाते. इकडे ही हकीकत चाललेली, तिकडे घरीं मुलीचा श्वास मंदावत चाललेला! प्रभु त्या स्त्रीशीं बोलत आहे तोंच निरोप आला कीं मुलगी गेली. याईर रागावला असें मार्क लिहीत नाहीं. तो कांहीं बोलला असेंही लिहीत नाहीं. दुसऱ्याच्या दुःखापायीं झालेला आपला खोळंबा असा मुकाट्यानें सोसणें हें स्वतः थांबण्याहूनही कठीण, असें आम्हांस वाटतें.

प्रभु शेवटीं त्या घरीं पोहोंचला. मुलीचा हात धरून त्यानें तिला उठविलें, आणि तिला कांहीं खावयास द्या म्हणून सांगितलें. त्या रडारडींत चूल तरी कोणी पेटविली असेल काय?