दुष्काळाच्या नावाने एक कार्यक्रम

जानेवारी महिना लागला, की मुंबईच्या उपनगरांतल्या मराठी शाळांत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. अंधेरीला जा, बोरिवलीला जा, नाहीतर आमच्या घाटकोपर-मुलुंडकडे या. मधल्या सुट्टीत नाचाची तालीम, संध्याकाळी पेटी-तबल्याचा आवाज, आणि घरोघरी आयांची कपडे जमवण्याची धावपळ. एखाद्या वर्षी कुठे मोठे संकट कोसळलेले असले, म्हणजे याच संमेलनाचा 'मदतनिधीचा कार्यक्रम' होतो. मुले तिकिटे घेऊन चाळींतून, सोसायट्यांतून फिरतात आणि जमलेला पैसा संकटग्रस्तांकडे जातो. १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, अशा प्रत्येक वेळी शहरांतल्या शाळकरी मुलांनी आपले हात पुढे केले आहेत.

गावाकडे या मदतीचे फक्त शेवटचे टोक दिसते. एक टेम्पो येतो, पाकिटे वाटली जातात, फोटो निघतो आणि टेम्पो परत जातो. त्याच्या अलीकडे काय काय घडते, ते मला एका वर्षी जवळून पाहायला मिळाले. तेच आज सांगते.

मी मूळची माण तालुक्यातली. लग्न होऊन घाटकोपरला आले. माझे मालक माथाडी कामगार. आमची वस्ती डोंगरउतारावरची आणि तिच्यात सातारा-सांगलीकडची घरे पुष्कळ. कोणी मशीद बंदरला ओझी वाहिली, कोणी पुढे वाशीच्या बाजारात. अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि पाठीवर पोती वाहणाऱ्याच्या घरातही चार पैसे शिल्लक पडू लागले. त्या आधारावर आमची मुले शाळेत गेली. म्हणजे आमच्या भागातल्या शाळेत बसणारी निम्मी मुले शेतकऱ्यांचीच नातवंडे. पण गाव त्यांच्यासाठी मे महिन्यापुरते.

संकट काय असते हे या मुलांच्या घरांना ठाऊक नाही असेही नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या माणदेशात दोन वर्षांतही एवढा पडत नाही! आमच्याजवळच साकीनाक्याला दरड कोसळून कितीतरी माणसे गाडली गेली. आमच्या घरात चिखल आला, दाण्याचा कण उरला नाही. तेव्हा गावाहून माझ्या थोरल्या भावाने, दादाने, एस.टी.च्या टपावरून ज्वारीची दोन पोती पाठवली होती. ती शेजारच्या चार घरांनी मिळून खाल्ली.

पुढे २०१२ साली माणदेशात पाऊस रुसला. विहिरी आटल्या, कडबा संपला, जनावरे छावणीत न्यावी लागली. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने मोठी छावणी उघडली, तिथे हजारो जनावरे आणि त्यांच्यामागे माणसेही राहायला गेली. माझी वहिनीही दोन गाई आणि एक बैलजोडी घेऊन छावणीवर होती.

त्या २०१३ च्या जानेवारीत आमच्या जवळच्या शाळेने दुष्काळासाठी कार्यक्रम करायचे ठरवले. माझी धाकटी सातवीत होती, तिला नृत्यनाट्यात घेतले होते. त्याच सुमारास दादा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आला होता. डोळ्यावरची पट्टी निघाली तसा भाचीचा नाच बघायचा म्हणून माझ्याबरोबर तालमीला आला.

मुले जीव ओतून काम करीत होती. फाटक्या धोतरातला शेतकरी जमिनीवर लोळत होता. त्याची बायको लोकांपुढे पदर पसरत होती. शेवटी शेतकरी हातात दोर घेऊन उभा राहायचा, दिवे जायचे आणि दोन मुली डबा घेऊन प्रेक्षकांत फिरायच्या, अशी बांधणी होती. बसलेल्या आयांच्या डोळ्यांना पाणी आले. मी दादाकडे पाहिले. तो खाली मान घालून बसला होता.

तालीम संपल्यावर तो बाईंकडे गेला. टोपी सारखी केली आणि म्हणाला, "बाई, पोरं लई गुणाची हायती. पर ह्यात आमी कुठं हाय? माझी बायकू छावणीत जनावरं घिऊन ऱ्हाती. पहाटं उठून शेणघाण काढती, टँकरला नंबर लावती, रातच्याला बाकीच्या बायांसंगं भजन म्हणती. तिनं अजून कुणाम्होरं पदर पसरला न्हाई. आन् ह्यो दोर... घरची ल्हान पोरं बगणार हायती ह्ये."

बाई गप्प झाल्या. दुसरे एक शिक्षक म्हणाले, "अहो मामा, लोकांना रडू आलं नाही तर पैसे कसे पडतील?"

प्रश्न खोटा नव्हता. तिकिटे खपली होती, कार्यक्रमाला आठच दिवस उरले होते. दादाने उत्तर दिले ते माझ्या कायम लक्षात राहिले. तो म्हणाला, "गुरुजी, रडून दिलेला पैसा डोळं पुसलं की संपतो. वळख झाली तर माणूस दुसऱ्यांदा इचारतो."

बाईंनी वही मिटली आणि विचारले, "मग काय दाखवू, मामा? तुम्हीच सांगा."

पुढचे आठ दिवस दादा रोज संध्याकाळी शाळेत जात होता. मोट गेली, पंप आला, आता पंपालाही पाणी नाही, हे त्याने मुलांना समजावून दिले. छावणीत दावणी कशा असतात, चाऱ्याचा वाटा कसा मिळतो, बैलाला पाणी दाखवताना शीळ कशी घालतात, ते करून दाखवले. आमच्याकडच्या धनगरांचे गजीनृत्य त्याला येत होते. ढोलाच्या ठेक्यावर पाय कसा टाकायचा आणि रुमाल कसा उडवायचा, हे तो साठाव्या वर्षी मुलांना शिकवत होता. 'माझाही गाव तिकडंच आहे' असे एकेक मूल सांगू लागले. तोवर ते कोणी कोणाला सांगितलेले नव्हते!

खर्चाचेही बाईंनी नीट पाहिले. अशा कार्यक्रमांत सभागृहाचे भाडे, पोशाखाचे भाडे आणि ध्वनिक्षेपक यांतच निम्मा निधी जातो. इथे कार्यक्रम शाळेच्या पटांगणात झाला. लुगडी आणि घोंगड्या आमच्या घरांतून गेल्या. ध्वनिक्षेपक गणेशोत्सव मंडळाने फुकट दिला. ज्या मुलांना नाचता-गाता येत नव्हते, त्यांनी सतरंज्या घातल्या, पाणी वाटले आणि तिकिटांचा हिशेब लिहिला. त्यांचीही नावे शेवटी वाचून दाखवली.

कार्यक्रमाच्या दिवशी दोर नव्हता, पसरलेला पदर नव्हता. छावणीतली पहाट होती, टँकरपुढची भांडणे होती आणि शेवटी गजी होता. ढोल वाजू लागला तेव्हा पटांगणाच्या कडेला उभे असलेले आमचे माथाडी गडी शिट्ट्या मारू लागले. डबा फिरवावा लागला नाही, लोक स्वतः उठून टेबलाशी गेले. रडवले असते तर पैसे जास्त पडले असते की कमी, कोण सांगणार? पण दुसऱ्या दिवशी दुकानात, नळावर, जो तो विचारीत होता, "तुमच्याकडं आता पाण्याचं काय?"

पैसा कशाला वापरायचा, हे गावालाच विचारले. गावातल्या शाळेच्या गुरुजींनी कळवले, की मुले हंडे घेऊन लांब जातात आणि शाळा बुडते, तेव्हा शाळेत पाण्याची टाकी द्या. टाकी आली, टँकर तिच्यात पाणी ओतू लागला. गुरुजींनी पावती आणि हिशेबाचा कागद पाठवला. तो कागद घाटकोपरच्या शाळेत फळ्याशेजारी कितीतरी दिवस चिकटवलेला होता. त्या वर्षी पावसाने कृपा केली आणि दिवाळीनंतर गावच्या मुलांकडून एक पोते आले. त्यात बाजरी, मटकी आणि हुलगे. बरोबर एक वहीचे पान आणि खाली सगळ्यांच्या सह्या.

कलेतून संकटग्रस्तांसाठी पैसा उभा करण्याची रीत या उपनगरांना जुनी आहे. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे दगावली, तेव्हा 'इप्टा' या नाट्यसंस्थेच्या कलावंतांनी गाणी, नाच, नाटके करून निधी जमवला. त्यांच्या पथकाचा मुक्काम पुढे अंधेरीला होता. विलेपार्ल्याच्या पार्ले टिळक विद्यालयात शिकलेले पु. ल. देशपांडे मोठेपणी रंगभूमीवर गाजले. त्यांनी आणि सुनीताबाईंनी आपल्या कमाईतला मोठा वाटा समाजाच्या कामाला दिला. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली उभे राहिले, ते त्यांच्या मदतीने. लहानपणी पटांगणातल्या मंचावर जे वळण लागते, ते कुठपर्यंत जाईल हे सांगता येत नाही.

म्हणून गावाकडच्या माझ्या भावा-बहिणींना एक सांगणे आहे. शहरातल्या शाळेकडून मदत आली तर ती संकोचाने घेऊ नका आणि फुकटची म्हणूनही घेऊ नका. आपल्याला खरोखर काय हवे ते स्पष्ट कळवा. पैशाचा हिशेब लिहून पाठवा. त्या मुलांना सुगीच्या दिवसांत गावी बोलवा, शेतात उभे करा, हुरडा खाऊ घाला. आणि शहरातल्या गुरुजी-बाईंना विनंती, की आमच्यावर नाटक बसवण्याआधी आमच्यातल्या एखाद्याला बोलावून विचारा. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली असे मुलांनी शिकायला नको. आज ज्वारी इकडून तिकडे जाते, उद्या टाकी तिकडून इकडे येते. हा फेरा आहे, आणि तो चालू राहिला पाहिजे.