चौदावे कर्मादान आणि पाण्याकाठचा प्लॉट



परवा पाक्षिक प्रतिक्रमणात सातवे व्रत आले आणि मी पंधरा कर्मादानांतल्या चौदाव्यापाशी अडकले. ‘सरदहतलायसोसणया’, म्हणजे सरोवर, डोह, तळी आटवण्याचा धंदा. चाळीस वर्षे म्हणतेय, पण आपण थोडीच तळी आटवतो, असे समजून पुढे जायचे.

त्याच आठवड्यात मुलाने एक रंगीत पुस्तिका आणली होती. धरणाच्या फुगवट्याला लागून बंगल्यांचे प्लॉट, खिडकीतून पाणीच पाणी. सूनबाईला फार आवडले. खरे सांगते, मलाही.

मी कॉमर्सची, त्यामुळे चित्रांआधी कागद विचारले. परवानगी कोणी दिली? मुलगा म्हणाला, “मम्मी, होऊन जाईल सगळं.” हे ऐकले आणि मला लवासा आठवले.

लवासा मुळशी तालुक्यात, मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या काठी. इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर दासवे येथे पाण्याकाठी रंगीत घरे उभी राहिली. २००८ साली राज्य सरकारने त्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. म्हणजे बांधणारेही तेच आणि नकाशा मंजूर करणारेही तेच! अहो, साध्या मंडळाच्या भिशीतसुद्धा जी पैसे सांभाळते तिला आपण वही तपासायला देत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली. वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटी घालून मंजुरी मिळाली. २०१७ मध्ये नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडे गेले आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या वरसगावचे पाणी पुणेकर पितात.

आपण नगरकर मुळा धरणाचे पाणी पितो. सासूबाई गळण्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत नेऊन सोडायला लावायच्या. थेंबाची एवढी यतना सांभाळणारी आपली घरे. मग अख्ख्या जलाशयाच्या काठी आपले सांडपाणी कुठे जाणार, हे विचारायला नको?

विचारायची सोय कायद्यात आहे. १९६६ च्या नगररचना कायद्यात प्रारूप विकास योजना जाहीर झाली की ठरावीक मुदतीत कोणीही लेखी हरकत देऊ शकते, तिची सुनावणी होते. वर्तमानपत्रातली ती बारीक अक्षरातली नोटीस आपण रद्दीत घालतो. प्लॉट घेण्याआधी झोन दाखला, सातबारा, बिनशेतीचा आदेश आणि धरणाच्या बुडीत क्षेत्रापासूनचे अंतर, एवढे तरी बघावे.

मी मुलाला म्हटले, टोकन द्यायच्या आधी झोन दाखला आण. आठ दिवसांनी आणला. जमीन शेती विभागात. बिनशेतीचा आदेश नाहीच, नुसता ‘प्रस्तावित’ असा शिक्का मारलेला नकाशा. हे म्हणाले, “सगळे घेताहेत, आपण एकाने न घेऊन काय होणार?” मी म्हटले, आपल्याकडे करणे, करवणे आणि अनुमोदन अशी तिन्ही मोजतात. आपण पैसे दिले की करवणे आलेच.

मुलगा दोन दिवस धड बोलला नाही. सूनबाईने पुस्तिका कपाटात ठेवली आहे, फेकलेली नाही. मीही फेक म्हणाले नाही. पाणी दिसणारी खिडकी मलाही हवी होती, त्याचे मिच्छामि दुक्कडम् मी त्या पाक्षिकाला मनातल्या मनात म्हटले.

तुमच्या घरी अशी पुस्तिका आली, तर आधी कागद मागा बरं का. आपल्याला हिशेब कळतो, आणि व्रतही पाठ आहे.