येसराचा डबा

दर उन्हाळ्यात गावाहून आमच्याकडे येसराचा डबा येत असे. गेल्या वर्षी तो आला नाही. मायचे वय आता पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहे, आणि भाजताना हात थरथरतो म्हणून तिने ते काम सोडले, असा निरोप तेवढा आला. आमच्या सूनबाई मला म्हणाल्या, "बाबा, तुम्हीच जा आणि कृती लिहून आणा. नाहीतर हे आपल्या घरातून जाईल."

मला काम सोपे वाटले. सारी हयात कचेरीत टिपणे लिहिण्यात गेलेली. एका आमटीच्या पिठाची ती काय कथा! मी एक कोरी वही घेतली, सूनबाईंचा स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत टाकला आणि परभणीची गाडी धरली.

ज्यांचा मराठवाड्याशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. गहू, ज्वारी, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ निरनिराळी खरपूस भाजायची. धने, जिरे, मिरे, सुक्या मिरच्या, लवंग, दालचिनी, दगडफूल हेही भाजून त्यात मिसळायचे आणि सगळे एकत्र दळून आणायचे. हे येसर. लसणीच्या फोडणीत पाणी ओतून त्यात हे पीठ कालवून सोडले आणि चांगली उकळी आणली की झाली येसराची आमटी. आमच्याकडे लग्न ठरले की येसर आधी तयार होते. त्यात शहाणपण आहे. डाळ शिजत घालण्याची खोटी नाही आणि ऐनवेळी पंगत वाढली तर पाणी वाढवता येते. भाजलेले पीठ दाटपणाची अब्रू राखते.

आमचे गाव गोदेच्या काठी, गंगाखेडच्या अंगाला. तिकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मगाव मानले जाते. त्यामुळे जात्याविषयी हळवे होण्याचा आम्हां मंडळींना जन्मसिद्ध हक्कच आहे, असे मी समजत असे. ओसरीच्या कोपऱ्यात आमचे जुने जाते पडले होते. मी त्याच्यावर हात ठेवून म्हटले, "माय, ह्याच्यावरच्या दळणाची चव काही निराळीच, नाही?"

माय म्हणाली, "गावात गिरणी आली त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली होती."

मी वही उघडली.

"गहू किती?"

"चार मुठी."

मी तिच्याकडून एक मूठ काट्यावर घालून घेतली. आकडा लिहिला. खात्रीसाठी दुसरी मूठ घेतली, तर आकडा निराळा. तिसरी घेतली, तो तिसराच. मग मी माझी मूठ घालून पाहिली. ती तर तिच्या मुठीच्या जवळजवळ दुप्पट! माय पदराआड हसत होती.

"काय करायलास रे लेकरा?"

"अगं, सूनबाईंची मूठ केवढी, ते मला कुठं ठाऊक? त्यांचं माप चुकेल ना!"

"कशानं चुकंल? गहूबी तिच्याच मुठीनं, डाळबी तिच्याच मुठीनं. सगळं एकाच मुठीनं घेतलं की झालं."

मी काटा गुपचूप पिशवीत ठेवला. मूठ हे वजन नव्हे, ते प्रमाण आहे, ही साधी गोष्ट मला साठी उलटल्यावर कळली. कचेरीत असा प्रसंग आला असता तर मी त्यावर चार पानांचे टिपण लिहिले असते.

येसर संपल्यावर मला हुरूप आला. सांडगे, खारोड्या, शेंगुळे, अंबाडीची भाजी, भुरका अशी यादी केली आणि शेवटी लिहिले, कण्या. भरडलेल्या ज्वारीच्या, मीठ घालून रटरट शिजवलेल्या आणि ताक ओतून खायच्या कण्या. माझ्या लहानपणीची ती सगळ्यांत आवडती चव. मी मोठ्याने वाचून दाखवले, तशी माय एकदम म्हणाली, "कण्या लिहू नको."

"का गं?"

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बहात्तर साल आठवतं का तुला?"

आठवत होते. १९७२ साली मी दहा वर्षांचा होतो. त्याच वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी पाऊस गेला. शाळेत सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो येई. तिची भाकरी थापताना चिरत असे. दुष्काळी कामावर खडी फोडायला वडील जात, मायही जात असे. संध्याकाळी चुलीवर कण्यांचे मोठे पातेले चढे आणि आम्ही भावंडे भोवती बसत असू. माझ्या आठवणीत ती संध्याकाळ फार सुखाची आहे.

"भाकरीला पीठ लागतं," माय सांगू लागली. "मूठभर भरडा पाण्यात टाकला तर पातेलं भरतं. म्हणून कण्या. तुम्हां लेकरांचं झालं, तुझ्या बापाचं झालं, की मी पातेल्यात पाणी घालून उकळायची अन् ते प्यायची. तुला वाटायचं, मायला कण्या आवडत नाहीत. तसं तू एकदा म्हणालाही होतास."

मी म्हणालो असेन. मला ते आठवत नाही.

दक्षिण इटलीतल्या गरीब घरांतून पास्त्यावर किसून घालायला चीज परवडत नसे, तेव्हा तिथल्या बाया शिळ्या पावाचा चुरा तेलात परतून वर भुरभुरत. आज तोच चुरा मोठमोठ्या उपाहारगृहांत मानाने वाढला जातो. आपल्याकडेही तेच. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि शहरात ज्वारीला प्रतिष्ठा आली. गावी मात्र आमच्या शेतात आता सोयाबीन उभे असते. ज्वारीला मान मिळाला हे चांगलेच झाले. पण जिभेला आठवते ती चव. ती कुणाच्या पोटातून काढून आपल्या ताटात आली, हे जिभेला ठाऊक नसते. वारसा म्हणून मी घेऊन निघालो होतो तो अर्धाच होता.

निघताना माय म्हणाली, "लिही मग कण्या. पण आत्ता सांगितलं तेबी लिही."

तसे मी लिहिले. पहिल्या पानावर येसर आणि शेवटच्या पानावर कण्या, मायच्या शब्दांत.

पुण्याला आल्यावर सूनबाईंनी वही वाचली. त्या काही बोलल्या नाहीत. रविवारी त्यांनी आपल्या मुठीने धान्य घेतले, भाजले, दळून आणले. "वास येईस्तोवर" एवढेच वहीत होते. तो वास घरभर सुटला तेव्हा माझी नात खेळ टाकून स्वयंपाकघरात आली. आमटी झाली. आम्ही सगळे पोटभर जेवलो आणि मी कौतुकाने गावी फोन लावून सूनबाईंच्या हाती दिला.

मला वाटले, माय विचारील, रंग आला का, दाट झाली का. तिने एवढेच विचारले, "तुला उरली का गं?"

सूनबाई पातेल्याकडे पाहू लागल्या. मीही पाहिले. पातेले रिकामे होते, आणि त्यांचे ताट अजून मांडायचे होते.